दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे

मोटारसायकल शिकवताना आपल्याकडे पहिला उपदेश हमखास हाच होतो : "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील." काका पुतण्याला सांगतो, थोरली बहीण धाकटीला स्कूटर शिकवताना सांगते, गॅरेजवाला नवी गाडी हातात देताना सांगतो. ऐकणारा ते मनावर घेतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं उजव्या पायाने मागचा ब्रेक मारत गाडी चालवतो. हँडलवरचा उजवा लिव्हर त्याच्या लेखी असून नसल्यासारखा. दुचाकीवरच्या सुरक्षिततेबद्दल लिहायचं तर हेल्मेटच्याही आधी या उपदेशाबद्दल लिहायला हवं, असं मला वाटतं. कारण तो चुकीचा आहे, आणि मायेने दिला जातो म्हणून जास्तच घट्ट बसतो.

धावत्या गाडीला ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झेपावतं. सिग्नलला समोरून येणारी मोटारसायकल थांबताना नीट पाहा : पुढचा फोर्क खाली बसतो, नंतर पुन्हा वर येतो. त्या क्षणी पुढचा टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक मात्र हलकं होतं. ब्रेक जितका जोरात, तितकं मागचं चाक जास्त हलकं. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाकच करू शकतं. फक्त मागच्या ब्रेकवर भार टाकला तर ते हलकं झालेलं चाक लगेच लॉक होतं, फरफटत जातं आणि गाडीचं बूड एका बाजूला फेकलं जातं. टायर करकरतो, डांबरावर काळा पट्टा उमटतो, जोरदार ब्रेक लागल्याचा भास होतो. गाडी मात्र पुढे सरकतच राहते.

मग ही भीती आली कुठून? तीही अगदीच निराधार नाही. पुढचा ब्रेक घाबरून एकदम मुठीत आवळला, किंवा गाडी वळणात कललेली असताना दाबला, किंवा खाली वाळू-खडी असली, तर पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी क्षणात आडवी होते. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडी सवड मिळते, पुढचं घसरलं तर मिळत नाही. एकदा असं पडलेला माणूस आयुष्यभर पुढच्या ब्रेकला हात लावत नाही आणि दुसऱ्यालाही लावू देत नाही. खरं तर शिकायचं असतं ते लिव्हर हळूहळू, पण खंबीरपणे दाबत नेणं. आधी हलका दाब, वजन पुढे आलं की वाढता दाब, सोबत मागचा ब्रेक, आणि हँडल सरळ.

हे वाचून येत नाही, हाताला शिकवावं लागतं. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान किंवा वापरात नसलेला डांबरी तुकडा शोधा. खडूने एक रेघ मारा. ताशी तीसच्या वेगाने या आणि रेघेवर चाक आलं की दोन्ही ब्रेक लावा. किती पावलांत थांबलात ते मोजा. आधी फक्त मागच्या ब्रेकने थांबून पाहा, मग दोन्हींनी. दोन्हींतला फरक पावलांनी मोजला की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. चार बोटांऐवजी दोन बोटांनी लिव्हर धरला तर दाब जास्त नेमका देता येतो, हेही तिथेच लक्षात येईल. नजर रेघेवर न ठेवता समोर दूर ठेवा, गाडी सरळ राहते.

आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे तेही माहीत असावं. एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस सक्तीचं आहे. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दुसऱ्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, ब्रेक सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा धरतं. त्या वेळी लिव्हरमध्ये थरथर जाणवते. अनेक जण ती थरथर लागली की दचकून ब्रेक सोडतात. सोडायचा नाही, दाबून ठेवायचा. आणि एबीएस 'सिंगल चॅनल' असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक तेव्हाही लॉक होऊ शकतं.

आता थोडा हिशोब करू. धोका दिसल्यापासून ब्रेकला हात लागेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी आहे त्याच वेगाने धावत असते. रस्ता कोरडा, टायर बरे आणि चालकाला ब्रेकचा सराव आहे असं धरलं, तर ताशी 40 च्या वेगाला थांबायला सुमारे 21 मीटर लागतात, 60 ला सुमारे 40 मीटर आणि 80 ला सुमारे 63 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

हे आकडे मनात नीट बसण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दोन मोटारसायकली शेजारून चालल्या आहेत, एक चाळीसने, दुसरी साठने. समोर 21-22 मीटरवर अचानक म्हैस आडवी आली. दोघांनीही एकाच क्षणी पाहिलं, दोघांचेही ब्रेक सारखेच. चाळीसवाला म्हशीच्या जेमतेम अलीकडे थांबला. त्याच जागी साठवाल्याचा वेग अजून ताशी 53 च्या आसपास आहे, कारण त्याचे सुरुवातीचे जवळपास सतरा मीटर ब्रेकला हात जाईपर्यंतच संपले. वीस किलोमीटरचा फरक घरी पोचायला चार-पाच मिनिटं वाचवतो. इथे त्याचा अर्थ थांबणं की आदळणं एवढा होतो.

गाडी चालवताना मनात धरण्यासारखं एकच सूत्र असेल तर ते हे : आत्ता मला जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात मी थांबू शकतो का? वळण असो, धुकं असो, रात्र असो की पुढच्या एसटीची पाठ असो, प्रश्न तोच. उत्तर 'नाही' असेल तर वेग कमी करायचा. पुढच्या वाहनापासूनचं अंतर मोजायला सोपी पद्धत आहे. ते वाहन एखाद्या खांबापाशी गेलं की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचं. म्हणून होण्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात चारपर्यंत मोजायचं. ट्रकच्या मागे चिकटून चालणाऱ्याला खड्डा चाकाखाली आल्यावरच दिसतो.

रात्रीच्या रस्त्यावर हे सूत्र सर्रास मोडलं जातं. दुचाकीचा डिपर साधारण तीस-चाळीस मीटर उजेड देतो. साठच्या वेगाला थांबायला चाळीस मीटर लागतात हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे साठच्या पुढे गेलं की आपण उजेडाच्या पलीकडच्या अंधारात गाडी घालत असतो. समोरच्याने अपर मारला तर तेवढंही दिसत नाही. अशा वेळी त्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची आणि वेग उतरवायचा.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडच्या वाचकांना गळीत हंगामातला रस्ता वेगळा सांगायला नको. रात्री उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला असतो. मागे दिवा नसतो, किंवा असला तरी लोंबणाऱ्या वाढ्याखाली झाकलेला. मागून साठने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या दृष्टीने ती जवळजवळ उभी भिंतच. आणि ट्रॉली पंक्चर होऊन खरोखर उभीच असेल तर मागे ओळीने दगड लावलेले असतात. ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड बऱ्याचदा तिथेच राहतात आणि दुसऱ्या रात्री कुणाच्या तरी चाकाखाली येतात. ट्रॉलीची मागची कड मोटारसायकलवाल्याच्या नेमकी छातीच्या-डोक्याच्या उंचीला येते, त्यामुळे या धडका फार वाईट असतात. हात-दीड हात लाल परावर्तक पट्टीला खर्च किती येतो? ती लावल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली घेऊ नये, एवढा साधा दंडक प्रत्येक कारखान्याने कडकपणे पाळला तर अनेक घरं वाचतील. तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्या पट्ट्यात रात्री पंचेचाळीसच्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन आणि त्याच्या कडेने मांडलेले दगड यांनाही हेच लागू.

आपल्याला समोरचं दिसणं ही एक बाजू झाली. समोरच्याला आपण दिसणं ही दुसरी. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला, शिवाय 3600 पोलीस अहवाल तपासले. 1981 साली आलेला तो अहवाल या विषयात आजही पायाभूत मानला जातो. त्यात दिसलं, की सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी धडकून झाले होते, आणि अशा धडकांपैकी जवळपास दोन-तृतीयांश वेळा चूक समोरच्या वाहनाची होती. त्याने मोटारसायकलचा रस्ता अडवला होता. 'मला तो दिसलाच नाही,' हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं. आणखी दोन निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट जुळतात. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाला सहसा दोन सेकंदही मिळाले नव्हते. आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला होता, पुढचा पुरेसा वापरलाच नव्हता. या चालकांपैकी 92 टक्के स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आपल्याकडे याहून वेगळं काय आहे?

'दिसला नाही' ही दर वेळी थाप नसते. मोटारसायकल समोरून फारच अरुंद दिसते, आणि लहान वस्तू डोळ्याला असते त्याहून दूर आणि हळू येणारी वाटते. त्यातून कारच्या काचेकडेचा खांब आख्खी मोटारसायकल सहज झाकतो. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, तिथे डावीकडे वळणारी कार मोटारसायकलला आडवी येते. आपल्याकडे तीच जागा उजवीकडे वळणाऱ्या कारची आणि रिक्षाची. चौकात, पेट्रोलपंपाच्या आणि हॉटेलच्या तोंडाशी, दुभाजकातल्या फटीपाशी कुणी वळायला थांबलेला दिसला तर तो आपल्याला पाहतोय असं गृहीत धरू नका. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहा, चाक हललं की तो निघाला. तोवर दोन बोटं ब्रेकवर हवीत. एप्रिल 2017 पासून आलेल्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत दिवसाही जळत राहतो, तो याचसाठी. जुनी गाडी असेल तर दिवसा दिवा स्वतः लावावा. अंगावर उजळ रंग आणि हेल्मेटच्या मागे चमकणारी पट्टी असावी.

एसटी, डंपर, टँकर यांच्या डाव्या अंगाला तर थांबूच नये. मोठं वाहन डावीकडे वळताना आधी जरासं उजवीकडे जातं. त्यामुळे डावीकडे मोकळी जागा झाल्यासारखी वाटते आणि दुचाकीवाला तिथे घुसतो. मग वाहन वळतं, आणि त्याचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागावरून न जाता बरंच आतून कापत येतं. सिग्नलला उभ्या असलेल्या डंपरच्या डाव्या कुशीत गेलेल्या माणसाला त्या चाकापासून सुटायला जागा उरत नाही. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

घाटात थांबण्याचं गणित आणखी कठीण होतं, कारण वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात ब्रेक मारला की जी पकड गाडी वळवायला हवी असते तीच ब्रेककडे जाते. ताम्हिणीत, वरंध्यात, आंबोलीत आतल्या कडेला पाण्याबरोबर आलेली बारीक खडी असते, तिचा अंदाज आत शिरल्यावर येऊन उपयोग नाही. नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. माणूस ज्या गोष्टीकडे टक लावून पाहतो तिकडेच गाडी जाते. कठड्याकडे पाहत राहिलेला कठड्यालाच भिडतो. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून सोडायची सवय अजूनही अनेकांना आहे. तिने सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रमब्रेक तापले की दाबूनही लागेनासे होतात, आणि हे नेमकं उताराच्या शेवटच्या वळणांवर कळतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा आधार कमी मिळतो, तेव्हा अधूनमधून थांबून ब्रेक थंड होऊ द्या. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. हा नियम आहे, उपकार नाही.

वळण्याविषयी आणखी एक गोष्ट मुद्दाम करून पाहण्यासारखी आहे. थोड्या वेगात असलेली मोटारसायकल डावीकडे न्यायची तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. उलटं वाटतं, पण तसंच घडतं. डावी मूठ ढकलली की गाडी डावीकडे कलते आणि डावीकडे जाते. आपण सगळे नकळत हेच करत असतो. विमानाच्या शोधासाठी ओळखले जाणारे विल्बर राइट मुळात सायकलींचे व्यावसायिक. सायकल डावीकडे कशी वळवता, असं विचारल्यावर पहिल्या फटक्यात बरोबर सांगणारा त्यांना कुणी भेटला नव्हता. समोर अचानक कुत्रा आला की गोंधळलेला मेंदू हँडल चुकीच्या बाजूला ओढू पाहतो. हे आधीच समजून मैदानात घोटवलं असेल तर त्या क्षणी हात बरोबर चालतो.

पावसाबद्दल थोडक्यात. सगळ्यात निसरडा असतो तो पहिला पाऊस, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सांडलेलं ऑइल त्याने रस्त्यावर पसरतं. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं आडोशाला थांबणं शहाणपणाचं. झेब्रा पट्ट्या, गटारांची झाकणं, पुलावरचे लोखंडी सांधे, मेट्रोच्या कामाच्या पत्र्याच्या प्लेटा, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर ब्रेकही नको आणि वळणंही नको. गाडी सरळ ठेवून पार व्हायचं. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही, म्हणून तो खोलच आहे असं समजायचं. टायरच्या नक्षीची खोली दुचाकीला किमान 0.8 मिलिमीटर असावी असा नियम आहे, पण पावसाळ्याआधी टायर बदलायचा की नाही हे ठरवताना एवढ्या काठावर जाऊ नये. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. जुन्या गाडीला नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.

हे सगळं पाळूनही एखाद्या दिवशी दोन सेकंद कमी पडतात. त्यासाठी हेल्मेट. 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये मोटारसायकलवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेले आणि फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून 19 मे रोजी ते गेले, वय 46. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे तरुण न्यूरोसर्जन होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. 1941 मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून दाखवून दिलं, की युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2279 मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले रस्त्यावर मेले होते, आणि यातले कितीतरी मृत्यू हेल्मेटने टळले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. नागरिकांसाठी मात्र तिथे कायदा यायला 1973 उजाडलं. सक्तीला विरोध तिथेही झाला, पुण्यात झाला तसाच. पुढे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष निघाला, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्के कमी होतो.

हेल्मेटचं बाहेरचं कवच चकचकीत असलं तरी जीव वाचवतो तो आतला जाड थर्माकोल. डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू आपल्या वेगाने पुढे जाऊन कवटीवर आदळतो. थर्माकोल चिरडला जाताना डोक्याला थांबायला काही मिलीसेकंद जास्त देतो, आणि तेवढ्यातच बसणारा धक्का कितीतरी सौम्य होतो. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी ते संपलं. ज्या हेल्मेटमध्ये थर्माकोलच नाही, नुसता स्पंज आहे, ते पोलिसाला दाखवण्यापुरतं. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे, तरी पदपथावर ते मिळतंच. घेऊ नका. घालून पाहताना गाल थोडे दाबले जायला हवेत. पट्टा लावून हेल्मेट मागून वर उचलत पुढे लोटून पाहा, डोक्यावरून निघत असेल तर माप मोठं आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं, डोकं नंतर आपटतं.

"इथंच तर जायचंय, कोपऱ्यापर्यंत," हे वाक्य आपण सगळे ऐकतो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी उभी असताना तो नुसता आडवा पडला तरी डोकं ताशी जवळजवळ वीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतं. दुधाच्या पिशवीसाठी निघालेल्या माणसालाही हा नियम लागू आहे. आरशाला लटकवलेलं किंवा कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही.

डबलसीट बसणाऱ्याचं डोकं तर आपण मोजतच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले 50,029 होते, आणि त्यांपैकी 14,337 मागे बसलेले. एकाच घरातली दोन माणसं एकाच गाडीवर, पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागची आई, बायको, बहीण उघड्या डोक्याने, हे दृश्य मला रोज अस्वस्थ करतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि जास्तीत जास्त 40 चा वेग, असा नियम 2022 मध्ये निघाला, पुढच्या वर्षी लागू झाला. एका बाजूला पाय टाकून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं केव्हाही सुरक्षित. साडीमुळे ते जमत नसेल तर निदान मागची कडी घट्ट धरायची, पाय पायदानावर टेकवायचे, आणि चालवणाऱ्याने गतिरोधकावर खरोखर हळू व्हायचं. ओढणी, पदर, पावसाळ्यात रेनकोटची टोकं गाडी सुरू करण्याआधी आत खोचायची. मागच्या चाकावरची साडीगार्डची जाळी नियमानुसार बसवलेली असते, ती 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकणारी मुलं आईला मागे बसवतात तेव्हा काय करतात?

दारू आणि झोप यांच्याबद्दल एकच वाक्य पुरे : दोन्ही आपल्या त्या पहिल्या सेकंदाचे दोन सेकंद करतात.

आणि रस्त्यात दुसरा कुणी पडलेला दिसला तर थांबा. आपली गाडी अलीकडे, दिवा लावून उभी करा, म्हणजे मागून येणाऱ्यांना अडथळा दिसेल. 108 ला फोन करा, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाटा सांगा. तो माणूस श्वास घेत असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मानेच्या मण्याला इजा असेल तर तेवढ्या हालचालीने हातपाय कायमचे जाऊ शकतात. फक्त काच वर करा, पट्टा सैल करा, डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून ठेवा. श्वासच चालत नसेल तरच हेल्मेट काढायचं, तेही दोघांनी मिळून : एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हळूहळू सोडवायचं. पोलिसांच्या चौकशीला घाबरून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेलं कलम 134 अ मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीला झालेल्या इजेसाठी कुठलीही कारवाई होत नाही, आणि आपलं नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.